चाळिशीतलं बी.ए. आणि चौकातला फ्लेक्स

आमच्या दर्यापूरला दहावी-बारावीचे निकाल लागले की चौकाचौकात फ्लेक्स लागतात. वर मोठ्या अक्षरात 'हार्दिक अभिनंदन', मधे पोराचा नाहीतर पोरीचा फुगवलेला पासपोर्ट फोटो आणि खाली शुभेच्छुकांची वीस-पंचवीस डोकी. त्यात गैर काहीच नाही, पोरांनी मेहनत केलेली असते. पण इतक्या वर्षांत एक फ्लेक्स मला कधी दिसला नाही : '४१व्या वर्षी बी.ए. झाल्याबद्दल अमुक वहिनींचे हार्दिक अभिनंदन'.

आता अशी माणसंच नाहीत का? भरपूर आहेत. एसटीतले कंडक्टर आहेत, पोलीस शिपाई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, दुकानात हिशेब लिहिणारे आहेत. ते घरी बसून, रविवारी अभ्यासकेंद्रावर जाऊन, आताशा मोबाईलवर लेक्चर बघून पदवी घेतात. आणि पेढेसुद्धा न वाटता मार्कशीट कपाटात ठेवून देतात. जणू काही चोरीच केलीय!

माझं म्हणणं साधं आहे. वाजवायच्याच असतील तर सगळ्यात जोरात टाळ्या यांच्यासाठी वाजवायला हव्यात.

आधी थोडा इतिहास, कंटाळू नका. नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसाला घरबसल्या पदवी घेता यावी म्हणून इंग्लंडात १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटी निघाली आणि १९७१ पासून तिचे धडे बीबीसीवर लागू लागले. भारतातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली आंध्रात निघालं, मग १९८५ मध्ये दिल्लीचं इग्नू. आणि १९८९ च्या जुलैमध्ये नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. हे नुसतं बोर्डावर लिहायचं वाक्य नव्हतं. पुस्तकं मराठीत आणि अशी लिहिलेली की शिकवायला मास्तर समोर नसला तरी चालावं. अभ्यासकेंद्रं गावोगावच्या कॉलेजांतच. बारावी न झालेल्या माणसासाठी 'पूर्वतयारी' नावाची पायरीसुद्धा ठेवली होती.

कुणी म्हणेल, गावात कॉलेज नव्हतं म्हणून हे करावं लागलं. तसं नाही हो. दर्यापूरला कॉलेज आहे आणि चांगलं जुनं आहे. अमरावतीला १९८३ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, पन्नासेक किलोमीटरवर. अडचण अंतराची नव्हतीच, वेळेची होती. कॉलेज ज्या वेळेला भरतं त्या वेळेला माणूस शेतात असतो, ड्यूटीवर असतो, नाहीतर चुलीपुढे असतो.

माझी एक चुलत बहीण आहे, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. बारावी झाली आणि लग्न झालं. अंगणवाडीचं काम, घरची चार एकर शेती, खारपाणपट्ट्यातली, म्हणजे विहिरीचं पाणीसुद्धा गोड नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिनं मुक्त विद्यापीठात नाव घातलं. पहिला प्रश्न सासूबाईंचा : "काऊन वं, आता कलेक्टर व्हाचं हाय का तुले?" दुसरा शेजारणीचा : "पोट्टे शिकून राह्यले ना, तुले कायले पाह्यजे?" घरात स्मार्टफोन एक, आणि त्यावर पहिला हक्क पोराचा. पोरगं झोपलं की हिचे व्हिडिओ सुरू. पुस्तकाच्या पीडीएफची अक्षरं बोटांनी मोठी करून वाचायची. पेपर मे महिन्यात. वऱ्हाडातला मे काय असतो ते मी सांगायला नको, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. डोक्याला रुमाल बांधून ही पेपरला जायची.

तीन वर्षांत झाली बी.ए. पगार वाढला का? एक रुपयाही नाही, निदान अजून तरी. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करेन म्हणते. पण कुठलाही फॉर्म भरताना 'शिक्षण' या रकान्यापाशी तिचं पेन आधी अडखळायचं, ते आता अडखळत नाही. पैशात मोजता येत नाही म्हणून ही गोष्ट लहान होत नाही.

सोपं असतं तर आपणच केलं नसतं का? आपण म्हणजे हिंजवडी-खराडीवाले. २०१२ साली कोर्सेरा सुरू झालं, मग एडेक्स, मग २०१७ मध्ये सरकारचं स्वयम. आपल्याकडे फायबरचं इंटरनेट, एसी, दोन-दोन मॉनिटर. जानेवारीत मोठ्या उत्साहाने मशीन लर्निंगचा कोर्स लावायचा आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून द्यायचा, हे आपल्यातल्या किती जणांचं आहे ते ज्याचं त्याने मोजावं. आठ आठवड्यांचा कोर्स आपल्याला जड जातो. ताईने तीन वर्षं काढली, तेही मागे लागणारा मॅनेजर नसताना.

आपल्या गावाकडचे संत गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, शेंडगावचा, म्हणजे शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातला. स्वतः शाळेत गेले नाहीत, पण कीर्तनात सांगत फिरले की घरातली भांडी मोडा, पण पोरांना शिकवा. वऱ्हाडाने हे ऐकलं. आपण शिकलो ते त्याच्यामुळेच. पण पोरं शिकेपर्यंत मायबापाचं, मोठ्या बहिणीचं शिकणं राहून गेलं त्याचं काय? भांडी त्यांनीच विकली होती ना? मग पंचविशीनंतर, चाळिशीनंतर ते आपलं राहिलेलं पूर्ण करायला निघाले, तर त्याला 'हौस' म्हणायचं हा कुठला न्याय?

कधी कधी आपण कौतुक करतो, नाही असं नाही. बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप. आई बांगड्या विकायची, हे डी.एड. करून शिक्षक झाले, बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलं आणि २०१२ मध्ये आयएएस झाले. त्यांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलेत. पण खरं सांगा, कौतुक त्या पदवीचं होतं की लाल दिव्याचं? दुसरीकडे मुरबाडजवळच्या फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली. गुलाबी साड्या नेसून पाटी घेऊन बसलेल्या आज्या बघून सगळ्यांना भरून आलं. मलाही आलं. म्हणजे शिकणारी आजी चालते, कलेक्टर चालतो. यांच्या मधला जो साधा माणूस आहे, तो मात्र 'मुक्तवाला'!

आता दुसरी बाजू. "अरे, बाहेरून केलेली डिग्री, गाईड वाचून पास होतात." होतात काही. रेग्युलर कॉलेजात तरी दुसरं काय होतं? परीक्षेआधी झेरॉक्सच्या दुकानात आपणही रांगा लावल्याच होत्या. ऑनलाइन पदवीच्या नावाने फसवणारी दुकानं आहेत हेही खरं, म्हणून पैसे भरण्याआधी त्या संस्थेला यूजीसीची मान्यता आहे की नाही हे बघायचंच. आणि इंजिनिअरिंग, मेडिकल असे विषय दूरशिक्षणाने शिकवायला यूजीसीचीच परवानगी नाही, ते योग्यच आहे. पण जिथे मान्यता आहे तिथे २०२०च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची.

कायद्याने बरोबरीची, मग आपल्या इंडस्ट्रीच्या जाहिरातीत काय असतं? 'फक्त फुल टाइम रेग्युलर', 'सगळीकडे ६० टक्के', 'शिक्षणात गॅप नको'. ज्या माणसाने गॅप पडूनही शिक्षण पूर्ण केलं, तोच नेमका या चाळणीतून पहिल्या झटक्यात खाली पडतो. त्याचा कोड कुणी बघतच नाही. वर आपण दुपारच्या मीटिंगमध्ये चिकाटी, ओनरशिप, सेल्फ लर्निंग यांवर पीपीटी दाखवतो.

तुमच्यापैकी बरेच जण आता इंटरव्ह्यू घेता, काही जण टीम चालवता. पुढच्या वेळी जागा निघेल तेव्हा एचआरला एवढंच विचारा की 'रेग्युलर'ची ही अट कशासाठी आहे. बहुतेक वेळा उत्तर मिळेल, "आधीपासून आहे". मग काढायला लावा ती. टेस्ट घ्या, कठीण घ्या, पण दारातच अडवू नका.

आणि या दिवाळीत गावाकडे जाल तेव्हा जरा विचारपूस करा. घरात, आळीत कुणीतरी असेलच, काकू, दाजी, शाळेतला शिपाई, ज्याने गुपचूप पदवी घेतली आहे. मार्कशीट बघायला मागा. पेढे तुम्हीच घेऊन जा. फ्लेक्स लावायचा खर्चही फार येत नाही हो, वाढदिवसाचे लागतातच की. फक्त खाली आपले फोटो टाकू नका.