दुकानात बघायचं आणि मोबाइलवर मागवायचं!

कराडच्या एका भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे. सासऱ्यांनी घातलेलं भांड्यांचं दुकान त्यांचे यजमान चालवतात. पूर्वी लग्नसराईत भांड्यांवर नावं घालून घ्यायला बायकांची रांग लागायची. आताही बायका येतात. कुकर हातात घेतात, झाकण लावून बघतात, किंमत विचारतात, फोटो काढतात आणि ‘यांना विचारून सांगते हं’ म्हणून जातात. चार दिवसांनी तोच कुकर खोक्यातून त्यांच्या दारात उतरतो! यजमान म्हणतात, ‘त्या मोबाइलवाल्यांना कर नाही नि काही नाही, जाच सगळा आपल्यालाच.’ मुलगा म्हणतो, गाळा भाड्याने देऊन मोकळे व्हा. सून म्हणते, आपला माल आपणच मोबाइलवर विकू या. ‘ताई, यातलं खरं कुणाचं? घरात रोज यावरून बोलाचाली होतात. जेवण गोड लागत नाही.’

यजमानांच्या म्हणण्यापासून सुरुवात करू, कारण ते मी बाजारात दहा ठिकाणी ऐकलं आहे. ‘त्यांना कर नाही’ हे आपल्याकडे खरं नाही. अमेरिकेत मात्र बरीच वर्षं खरोखरच तसं होतं.

तिथे विक्रीकर राज्यागणिक निराळा, आणि तो किमतीत धरलेला नसतो, गल्ल्यावर वरून चढवतात. (ज्यांच्या लेकी तिकडे आहेत त्यांना विचारा, फळीवरची किंमत आणि पावतीवरची रक्कम कधी जुळत नाही.) १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्विल नावाच्या कंपनीच्या खटल्यात निकाल दिला, की ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, त्या राज्यासाठी कर गोळा करायची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. ही कंपनी टपालाने कचेरीचं सामान विकणारी. गिऱ्हाइकाने तो कर आपण होऊन सरकारात भरावा, अशी अपेक्षा होती. आता आपण होऊन कर भरायला कोण जातंय! पुढे इंटरनेटवरची दुकानं निघाली आणि हा निकाल त्यांच्या चांगलाच पथ्यावर पडला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने शंभरावर सहा-सात डॉलर कर लावायचा आणि दूरच्याने लावायचा नाही, अशी ती कुस्ती. शेवटी साउथ डकोटा राज्याने कंबर कसली. तिथे मिळकतीवर राज्याचा कर नाही, भिस्त सगळी विक्रीकरावर. २१ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी ते राज्य जिंकलं, वेफेअर ही कंपनी हरली, आणि पुढे विक्रीकर असलेल्या सगळ्याच राज्यांनी बाहेरच्या मोठ्या विक्रेत्यांकडून कर घ्यायला सुरुवात केली.

मग तिथली दुकानं वाचली का? टॉईज आर अस ही खेळण्यांची नावाजलेली दुकानं अमेरिकेत त्याच जूनअखेर बंद झाली! कारण २००५ साली कंपनीची खरेदी झाली तेव्हापासून तिच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. ऑक्टोबरात सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर सारखा झाला, तरी जे बुडायचे ते बुडालेच.

आता आपल्याकडचं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. त्याआधी परराज्यातून येणाऱ्या मालावरचा केंद्रीय विक्रीकर माल जिथून निघाला त्या राज्याला मिळायचा. बंगळूरहून नागपूरला वस्तू आली तर पैसे कर्नाटकाचे. आता राज्याचा वाटा जिथे माल वापरला जातो त्या राज्याकडे येतो. दर दोघांना एकच. स्वयंपाकाच्या स्टीलच्या नि ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर पूर्वी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, तो दुकानातही आणि मोबाइलवरही.

ताई, तुम्ही लिहिलंय की दुकान कंपोझिशन योजनेत आहे. म्हणजे दीड कोटीच्या आत उलाढाल, वर्षाच्या विक्रीवर सरसकट १ टक्का कर, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट नाही. चला, पाटीवर मांडू या. कुकर तुम्हांला १,५०० रुपयांना पडला, वर ५ टक्के म्हणजे ७५ रुपये कर. तो तुम्ही २,१०० ला विकलात, त्यावर १ टक्का म्हणजे २१ रुपये. एकूण कर ९६ रुपये. मोबाइलवर विकणारा नेहमीच्या पद्धतीचा व्यापारी तोच कुकर तेवढ्यालाच विकेल, तर त्यात मूळ किंमत २,००० आणि कर १००. खरेदीवरचे ७५ तो वजा करून घेईल, उरलेले २५ भरेल. पण सरकारात गेले ते १००च. फरक चार रुपयांचा, आणि तोही तुमच्या बाजूने! शिवाय मोबाइलवरच्या दुकानात विकणाऱ्याचा अर्धा टक्का ती कंपनी आधीच कापून सरकारात भरते. तो पुढे हिशेबात मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

तेव्हा यजमानांना सांगा, शत्रू हा नव्हे.

त्यांना स्वस्त परवडतं ते दुसऱ्याच कारणांनी. हजारांनी घेतलेला माल, पेठेतल्या भाड्याऐवजी शहराबाहेरचं गोदाम, आणि तोटा सोसून गिऱ्हाईक बांधायची ताकद. परदेशी भांडवलाच्या अशा बाजारपेठेने स्वतः भाव पाडू नयेत, असा सरकारी नियम आहे. तो मोडला जातो अशी व्यापारी संघटनांची तक्रार असते. जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने दोन बड्या कंपन्यांच्या चौकशीचा आदेशही दिला. पण या भांडणाचा निकाल लागेपर्यंत तुमची चूल थांबायची नाही.

म्हणून एक स्पष्ट विचारते, राग मानू नका. तुमच्या दुकानात ‘बिल नको असेल तर थोडं कमी करतो’ असं म्हणतात का? म्हणत असतील, तर आजच बंद करा. वाचतात किती, तर वरच्या हिशेबाने २१ रुपये. आणि गमावता काय? उद्या कुकरची मूठ निघाली तर ती बाई कंपनीकडे कोणता कागद घेऊन जाणार? मोबाइलवर मागवलं तर पावती आपोआप येते आणि नको असलेली वस्तू बहुतेक वेळा परत जाते. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तिथे आलेल्या तक्रारीची ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. आपल्याकडे गल्ल्यामागे काय टांगलेलं असतं? ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ माझ्या मते दुकानांचं जेवढं नुकसान त्या पाटीने केलं, तेवढं कुठल्याच कराने केलं नसेल. ती उतरवा. न वापरलेली वस्तू आठ दिवसांत बदलून देऊ, असं लिहून टांगा. वर्षाकाठी दहा-पंधरा डबे परत येतील, येईनात!

आता गिऱ्हाइकाच्या बाजूला बसणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याशीही दोन शब्द. पैसा घाम गाळून मिळतो, तो जिथे वाचेल तिथे वाचवावा, त्यात पाप नाही. पण अर्धा तास त्या माणसाची सगळी फळी खाली उतरवायला लावायची आणि गुपचूप दुसरीकडून मागवायचं, हे बरं दिसत नाही. सरळ मोबाइल पुढे करा, ‘इथे एवढ्याला आहे, तुम्ही कितीला देता?’ पुष्कळ वेळा भाव तिथेच उतरतो. आणि तुलना करताना छापील किंमत नव्हे, शेवटची रक्कम बघा. पोचवणावळ, हाताळणी असे बारीक आकार धरून आणि त्यांवरचा कर मिळवून जी होते ती. गॅसकेट, शिट्टी, मूठ, पितळेला कल्हई आणि भांड्यावर नाव ही कामं खोक्यातून येत नाहीत, तीही जमेस धरा.

दुकानात पावती घेताना एवढं बघा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर कुणी जीएसटी चढवला तर देऊ नका. कंपोझिशनवाल्या दुकानाला तर कर वेगळा लावताच येत नाही, आणि तसं पावतीवर लिहिणं त्याला बंधनकारक आहे. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो. महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो, गोव्यातल्याचा ३० ने. गडबड वाटली तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५.

राहता राहिली सूनबाई. मला तिचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. मोबाइलवर कुकर विकायला जाऊ नका, तिथे हजार जण बसलेत. तुमच्याकडचं नाव घातलेलं ताट-वाटी, रुखवतातली पितळी भातुकली, ठोक्याचं तांब्याचं पातेलं, हे विका. पूर्वी कंपोझिशनमधल्या दुकानाला अशा बाजारपेठेत शिरताच येत नसे. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आत विकायची मुभा मिळाली. (वर्षाला ४० लाखांच्या आत वस्तू विकणाऱ्या घरगुती विक्रेत्यांनाही तेव्हापासून आपल्या राज्यात नोंदणीशिवाय तिथे विकता येतं, नुसता एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. भांड्याला कापडी विणकामाचे रुमाल करून विकणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं.) तेव्हा एक वर्ष पुण्या-मुंबईपर्यंतच्या मागण्या घेऊन बघा. बेळगाव किंवा पणजीहून मागणी आली, तर ती कंपोझिशनमध्ये राहून पुरवता येत नाही, आधी योजनेतून बाहेर पडावं लागेल. बाहेर केव्हाही पडता येतं. परत आत यायचं तर नवं आर्थिक वर्ष लागण्याआधी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, तसं कळवावं लागतं. म्हणून बाहेरची पहिली मागणी स्वीकारण्याआधी हिशेबनिसांना घरी चहाला बोलवा, आणि त्या वेळी सूनबाईंनाही समोर बसवा.