'बरे आहे' या उत्तराचा अर्थ

दसरा-दिवाळी उलटली की जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि गावात उरतात ती म्हातारी माणसे व त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. या वृद्धांस प्रकृतीविषयी विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते: 'बरे आहे.' ते कितपत खरे मानावे, हा प्रश्न आम्हांस आरोग्य खात्यापुढे ठेवावयाचा आहे.

माणसाचा स्वतःच्या प्रकृतीविषयीचा अभिप्राय ही निव्वळ लहर नव्हे. १९८२ साली मॉसी व शपिरो यांनी कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांनी आपली प्रकृती वाईट म्हटली होती त्यांच्यात पुढे मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, आणि वैद्यकीय नोंदी जमेस धरूनही हा फरक उरलाच. तेव्हा कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्यास 'स्वभावच रडका' म्हणून वाटेस लावणे अशास्त्रीय होय.

परंतु उलट बाजू आम्हांस अधिक गंभीर वाटते. आयुर्मानात अग्रेसर असलेल्या केरळात आजाराच्या तक्रारी सर्वाधिक, तर बिहारात त्या फारच थोड्या, ही विसंगती अमर्त्य सेन यांनी २००२ साली निदर्शनास आणली. बिहारी माणूस अधिक निरोगी, असा तिचा अर्थ कोण करील? जेथे शिक्षण नाही व दवाखाना दूर, तेथे दुखणे हा वयाचा धर्मच समजला जातो. आमच्या खेड्यांतील विधवा आजीच्या सोशिकपणाचे आपण कौतुक करतो. तो काही अंशी स्वभाव असेलही. पण मुलगा-सून फडावर असताना तिने तक्रार करावी तरी कोणाजवळ? श्रावणबाळ योजनेचे वेतन २०२३ साली १५०० रुपये झाले, ते किराण्यातच संपते. पंच्याहत्तरीनंतर एस.टी.चा प्रवास २०२२ पासून फुकट झाला खरा, परंतु सोबतीला कोण?

तक्रार ऐकली की ती खरी धरावी आणि 'बरे आहे' ऐकून थांबू नये, असे आमचे मत आहे. घरी पाणी कोण भरते, रात्री झोप लागते काय, चार दिवसांत कोणाशी बोलणे झाले, हे आशा सेविकांनी विचारावे व रक्तदाबही तपासावा. या कामाचा त्यांना वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे. फुकट राबणुकीवर योजना उभारण्याची सरकारी खोड जुनी आहे. एकट्या उरणाऱ्या वृद्धांची गावनिहाय यादी मात्र टोळ्या निघण्यापूर्वीच जिल्हा परिषदेच्या हाती असावयास हवी.