टू-स्ट्रोक तापते तेव्हा पाण्याइतकीच हवाही तपासावी

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये तो एक फेरा सोडून होतो. त्यामुळे टू-स्ट्रोकच्या पिस्टनला उसंत अशी मिळतच नाही. त्याला थंडावा मिळतो तो बराचसा क्रँककेसमधून वर येणाऱ्या ताज्या मिश्रणातून, आणि प्रीमिक्सवर चालणाऱ्या डर्ट बाइकला वंगणही त्याच पेट्रोलमधून मिळते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, म्हणजे मिश्रण लीन झाले, की तीन गोष्टी एकदम बिघडतात: ज्वलन जास्त तापते, आतला थंडावा घटतो आणि तेल अपुरे पोचते. गाडी तापली की गॅरेजात पहिला हात रेडिएटरकडे जातो. तो जायलाच हवा, पण तिथे थांबता कामा नये.

आधी गाडी खरोखर तापते आहे का, ते ठरवावे. बहुतेक डर्ट बाइकना पंखा नसतो. रेडिएटरला वारा मिळतो तो गाडी पळते तेव्हाच. दिल्लीतल्या मुनिरकाच्या अरुंद गल्लीत, जूनच्या दुपारी पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना गाडी स्टँडवर लावून सतत रेस दिली, तर धडधाकट इंजिनही उकळेल. ही चाचणी नव्हे, तो इंजिनावर अन्याय आहे. मोकळ्या ट्रॅकवर वेगात असताना कूलंट बाहेर येणे, तापल्यावर जोर ओसरणे, चढावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येणे, किल-स्विच दाबल्यावरही इंजिन काही क्षण चालत राहणे ही खरी लक्षणे.

मग थंड इंजिनावर पाण्याची बाजू पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले उकळते पाणी अंगावर उडते. जाळीतला चिखल आतल्या बाजूने हलक्या धारेने काढावा. प्रेशर वॉशरने पत्रे वाकतात आणि वाराच अडतो. झाकणाची स्प्रिंग आणि रबर नीट पाहावे. १.१ बार दाब धरणाऱ्या झाकणामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकण सैल पडले की ही सवलत जाते. कूलंट भरल्यावर आत हवेचे बुडबुडे अडकलेले नाहीत ना, याची खात्री करावी. गिअर ऑइल दुधाळ दिसले, तर वॉटर पंपाचे सील गेले आहे. इंजिन चालू होताच रेडिएटरमध्ये सलग बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा.

पाण्याची बाजू निर्दोष निघाली, की हवेची गळती शोधावी. कार्बोरेटरचे रबर मॅनिफोल्ड चिरलेले असते, रीड व्हॉल्व्हचे गॅस्केट बसलेले नसते, किंवा मॅग्नेटोकडचे क्रँक सील कडक झालेले असते. या वाटांनी आलेली हवा कार्बोरेटरमधून जात नाही, म्हणून तिच्या वाट्याचे पेट्रोल तिला मिळत नाही. आयडलिंग आपोआप वाढणे, थ्रॉटल सोडल्यावर रेस लवकर न उतरणे ही त्याची खूण. क्लचकडचे सील गेले तर इंजिन गिअर ऑइल ओढते आणि पांढरा धूर सोडते. खात्रीची पद्धत एकच: इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत सुमारे ६ पीएसआय दाब द्यावा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरला, तर गळती आहे. ती न शोधता मोठा मेन जेट टाकणे म्हणजे दुखणे झाकणे. सील आणखी चिरते आणि एक दिवस फुल थ्रॉटलला पिस्टन सिलिंडरला पकडतो.

यानंतर जेट. दिल्लीत जूनच्या ४५ अंशांच्या दुपारपेक्षा जानेवारीच्या ५ अंशांच्या पहाटे हवा सुमारे १४ टक्के दाट असते. उन्हाळ्यात नेमके बसवलेले कार्बोरेटर हिवाळ्यात लीन होते. डोंगराचा फरक याहून मोठा. समुद्रसपाटीपासून ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांगला हवेची घनता सपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असते. तिथे गाडी गुदमरते, म्हणून मनालीत लहान जेट बसवला जातो किंवा नीडल खाली घेतली जाते. परतताना तो बदल तसाच राहिला, तर मैदानातल्या दाट हवेत ती गाडी महामार्गावरच पकडते. केटीएमने २०१८ च्या मॉडेलपासून ईएक्ससी टू-स्ट्रोकमध्ये आणलेल्या फ्युएल इंजेक्शनमध्ये हा हिशेब सेन्सर करतात. कार्बोरेटरच्या गाडीत तो माणसालाच करावा लागतो.

इंधनही बदलले आहे. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल तेवढ्याच हवेला सुमारे ८ ते ९ टक्के जास्त लागते. १९८५ ते १९९६ या काळात एस्कॉर्ट्सने काढलेल्या यामाहा आरएक्स १०० चे जेट या पेट्रोलसाठी ठरलेलेच नव्हते. जुन्या गाडीवर ई२० भरताना मेन जेट एक-दोन आकडे वाढवून प्लग पाहणे गरजेचे आहे, आणि जुनी रबरी सील बदलणेही.

तेलाबाबत एक समज घातक आहे: ऑइल जास्त टाकले की इंजिन थंड राहते. त्याच जेटमधून ऑइल जास्त गेले, तर पेट्रोल तेवढे कमी जाते आणि मिश्रण लीनच होते. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीत सुट्या टू-टी ऑइलची विक्री थांबून पंपांवर मोजून मिसळलेले पेट्रोल आले, ते प्रदूषणासाठी. इंजिनाच्या दृष्टीनेही मोजमाप महत्त्वाचे. निर्मात्याने दिलेले प्रमाण मापाच्या भांड्यानेच ओतावे.

उरलेल्या गोष्टी झटपट तपासता येतात. इग्निशन टायमिंग पुढे गेलेले असते, सायलेन्सर कार्बनने भरलेला असतो, ब्रेक घासत असतो किंवा क्लच घसरत असतो. फुल थ्रॉटलवरून किल-स्विच दाबून, क्लच धरून थांबावे आणि प्लग काढावा. त्याचा फिका तपकिरी रंग ठीक. पांढराफटक रंग आणि त्यावर ॲल्युमिनिअमचे बारीक ठिपके म्हणजे धोक्याची सूचना. एनजीके प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, हेही लक्षात ठेवावे.

पिस्टन पकडलाच, तर त्यावरच्या खुणा वाचल्याशिवाय ब्लॉक बोअरला देऊ नये. चारही कोपऱ्यांवर ओरखडे असतील, तर थंड इंजिनावर घाईने रेस दिली गेली. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील, तर मिश्रण लीन होते. इनटेकच्या बाजूला असतील, तर तेल पोचले नाही. नवीन पिस्टन टाकून जुने कारण तसेच ठेवले, तर दुसरा पिस्टनही जातो आणि मालकाला त्याच दुखण्याचा खर्च दोनदा पडतो. म्हणून पाणी, गळती, जेट, प्लग हा क्रम मोडू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून गाडी पळवून पाहावी.