डबा नीट हलवला का?

आईच्या भिशीचा डबा आठवतो? चिठ्ठ्यांच्या घड्या घालून टाकायच्या, डबा खडखडा हलवायचा आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराला डोळे मिटून एक उचलायला लावायची. 'राहू द्या, मीच मनाने एक नाव सांगते' असं कुणी म्हटलं, तर भांडण ठरलेलंच.

मग मोबाइलचा पिन आणि इन्स्टाचा पासवर्ड आपण मनानेच का ठरवतो? जन्मसाल, ४३१००१, 'एमएच २०', नाहीतर नावापुढे १२३. वाटतं, कुणाला सुचणारे? पण जे तुम्हाला पटकन सुचलं, ते शहरातल्या कितीतरी जणांना सुचलेलं असतं.

कॉम्प्युटरही याबाबतीत आपल्यासारखाच. कोडमध्ये साधं 'रँडम' लिहिलं, की आकडे एका गणितातून येतात. सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, कळला की पुढची अख्खी रांग कळते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ओटीपीसाठी सीड म्हणून सेकंदातली वेळ दिली, तर दिवसभराच्या शक्यता फक्त ८६,४००. चहाचा एक घोट घेईपर्यंत लॅपटॉप त्या सगळ्या तपासून मोकळा!

हे फक्त शिकाऊ पोरांकडूनच होतं असं नाही. २००६ मध्ये डेबियन लिनक्सवर एका तपासणी टूलची कटकट थांबवायला ओपनएसएसएलमधला थोडासा कोड काढला गेला. चूक उघड झाली मे २००८ मध्ये. तोवर तिथे बनणाऱ्या किल्ल्या दिसायला लांबलचक होत्या, पण एका लांबीच्या किल्लीसाठी एका प्रकारच्या मशीनवर पर्याय उरले होते फक्त ३२,७६८. कुलूप भक्कम होतं, डबाच हलवलेला नव्हता.

डबा हलवायची सोय तयार आहे. ऑपरेटिंग सिस्टीम हार्डवेअरमधली बारीकसारीक अनिश्चितता गोळा करत असते. क्लाउडफ्लेअर ही कंपनी तर सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात लाव्हा लॅम्पच्या भिंतीवर कॅमेरा लावून त्या गोंधळातून आकडे घेते. आपल्याला एवढंही करायचं नाही. पायथॉनमध्ये 'रँडम'ऐवजी 'सीक्रेट्स', जावामध्ये 'सिक्युअररँडम'. बदल एका ओळीचा.

'अरे, प्रोजेक्टच तर आहे, कोण हॅक करतंय?' हे उत्तर मला पटत नाही. आज सबमिशनसाठी कॉपी-पेस्ट केलेली ओळ उद्या नोकरीतही हातातून तशीच उतरते. तेव्हा त्या ओटीपीमागे एखाद्या काकूंची भिशीतून साठवलेली रक्कम असू शकते.

व्हायवात आपल्याला ईआर डायग्राम विचारतात. 'हा आकडा आला कुठून?' हे सहसा कुणी विचारत नाही. म्हणून पुढच्या सबमिशनआधी तुम्हीच एकमेकांना विचारा. आणि हो, आज घरी गेल्यावर पासवर्ड मॅनेजरला नवा पासवर्ड काढू द्या. डोकं चालवायच्या जागा दुसऱ्या भरपूर आहेत. ही त्यातली नाही.