संथ लय म्हणजे गुंगी नव्हे

गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर आमच्या महाविद्यालयात 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर एक कार्यशाळा झाली. सभागृहातील दिवे मंद करण्यात आले, विद्यार्थ्यांना डोळे मिटायला सांगण्यात आले आणि ध्वनिवर्धकातून एक संथ संगीत सुरू झाले. तळाशी सिंथेसायझरचा लांबलेला धूसर स्वर, मध्येच पाण्याचा खळखळाट आणि थोड्या थोड्या वेळाने सतारीची तीच ती एक मींड. दहा मिनिटांनी दिवे लागले. हे आपल्या ऋषिमुनींनी जगाला दिलेले नादविज्ञान आहे, असे मार्गदर्शकांनी सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरून द्वितीय वर्षाच्या एका मुलाने विचारले, "सर, पण हे वाजवलंय कुणी?" उत्तर आले, "कुणी का वाजवेना! तुम्हाला शांत वाटलं ना?" सभागृह हसले. आम्हीही हसलो.

हसायला नको होते, हे आम्हांला नंतर उमगले. त्या मुलाचा प्रश्न हा समीक्षेचा पहिला प्रश्न होता आणि त्याला मिळालेले उत्तर हे समीक्षेचा दरवाजा बंद करणारे उत्तर होते. प्रस्तुत लेख त्या उत्तराविरुद्ध आहे. आम्ही मराठीचे अध्यापक. संगीतशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु एखाद्या कलाप्रकाराचे कर्ते, काळ आणि कारण पुसून टाकून त्याचे केवळ 'परिणामा'त रूपांतर केले जाते, तेव्हा तो प्रश्न साहित्याच्या वर्गातही शिरतो.

ज्याला सध्या 'चिलआउट', 'अँबियंट', 'डाउनटेंपो', 'लो-फाय' अशी नावे आहेत, त्या संथ लयीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताविषयी आमच्या अध्यापक-कक्षात दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे, की हे संगीतच नव्हे. नशेखोर पाश्चात्त्य तरुणाईचा तो उतारा आहे. दुसरे मत कार्यशाळेतल्या मार्गदर्शकांचे : हे मुळात आपलेच आहे. वरवर ही मते परस्परविरोधी वाटतात. वास्तविक दोन्ही एकाच आळसातून आलेली आहेत. दोघांनीही ते संगीत ऐकलेले नाही आणि त्याचा इतिहास पाहिलेला नाही.

हा इतिहास पाहू लागलो की प्रथम दोन निरनिराळे प्रवाह दिसतात आणि त्यांची गल्लत हेच आजच्या गोंधळाचे मूळ आहे. पहिला प्रवाह कारखान्यातून येतो. अमेरिकी सैन्यातील अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी तारेवरून संगीत पुरवण्याची कल्पना व्यवसायात आणली आणि १९३४ मध्ये त्या व्यवसायाला 'म्यूझॅक' हे नाव मिळाले. पुढे या कंपनीने कामगारांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे टप्पे तयार केले. प्रत्येक टप्प्यात गाण्यांची चेतना क्रमाक्रमाने वाढवायची, मग तितकाच वेळ शांतता ठेवायची. हेतू उघड होता : कामाचा वेग टिकवणे. ऐकणाऱ्याने ऐकावे, अशी येथे अपेक्षाच नव्हती.

दुसरा प्रवाह याच्या नेमका उलट आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९१७ च्या सुमारास 'फर्निचर-संगीता'ची कल्पना मांडली : खोलीत खुर्ची-टेबल असते तसे असणारे, लक्ष न मागणारे संगीत. १९२० साली पॅरिसच्या एका कलादालनात नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवले गेले. लोकांनी गप्पा मारीत राहावे, असा सातींचा आग्रह होता; पण वाद्ये वाजू लागताच लोक गप्प बसून ऐकू लागले. हा प्रयोग फसला असे म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांला मात्र त्यात एक मोठी गोष्ट दिसते. माणसाचे अवधान इतके सहजासहजी मरत नाही. ते मारायला म्यूझॅकसारखी यंत्रणाच लागते.

आता जानेवारी १९७५ मधील लंडनकडे वळू. ब्रायन ईनो हे संगीतकार टॅक्सीच्या अपघातात जखमी होऊन घरी अंथरुणाला खिळले होते. जूडी नायलन या मैत्रिणीने त्यांच्यासाठी हार्पवादनाची एक तबकडी आणली. ती गेल्यावर ईनोंनी मोठ्या कष्टाने तबकडी लावली. पण आवाज फारच लहान राहिला होता आणि दोनपैकी एक ध्वनिवर्धक बंद होता. उठून तो वाढवण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता आणि पावसाच्या आवाजात अधूनमधून हार्पचे मोठे स्वर तेवढे वर येत होते. संगीत ऐकण्याची एक निराळी रीत आपल्याला येथे सापडली, असे ईनोंनी नोंदवले आहे. नायलन यांनी पुढे याच प्रसंगाची वेगळी बाजू सांगितली : पावसाशी तोल साधावा म्हणून आवाज जाणूनबुजून लहान ठेवला होता. अपघात खरा की योजना खरी, हा वाद बाजूला ठेवला तरी दोन्ही हकिकतींत एक गोष्ट समान उरते. कोणीतरी अत्यंत बारकाईने ऐकत होते.

त्याच वर्षी 'डिस्क्रीट म्यूझिक' आले आणि १९७८ मध्ये 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स'. या दुसऱ्या कृतीतील एका भागात गायलेले एकेक स्वर निरनिराळ्या लांबीच्या फितींवर ठेवले आहेत. एक फीत साधारण साडेतेवीस सेकंदांची, दुसरी सव्वीसच्या आसपास, तिसरी तीसच्या. प्रत्येक फीत आपापल्या गतीने फिरत राहते आणि त्यामुळे स्वरांची तीच जुळणी पुन्हा सहसा येत नाही. सोबतच्या टिपणात ईनोंनी या संगीताची म्यूझॅकशी असलेली फारकत स्पष्ट केली. पार्श्वसंगीताचे कारखाने वातावरणातील शंका आणि अनिश्चितता पुसून टाकतात. आपले संगीत ती राखू पाहते, असा त्यांचा दावा होता. या संगीताकडे दुर्लक्ष करता आले पाहिजे आणि लक्ष दिल्यास ते तितकेच रंजकही वाटले पाहिजे, हे त्यांचे सूत्र प्रसिद्ध आहे. बाजाराने या सूत्राचा पूर्वार्ध तेवढा उचलला. उत्तरार्धाचे काय झाले, हाच आमचा प्रश्न.

परंतु केवळ ईनोंपाशी थांबणे हाही एक अन्यायच होईल, कारण त्यातून हा सगळा गोऱ्या कलावंताच्या आजारी खोलीचा इतिहास ठरतो. संथ इलेक्ट्रॉनिक संगीताची दुसरी नाळ जमैकातील किंग्स्टनच्या वस्तीशी जोडलेली आहे. किंग टबी हा विद्युत उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. १९७० च्या दशकात त्याने ध्वनिमुद्रित गाण्यांतील गायन काढून, बास आणि ढोल पुढे आणून, उरलेल्या तुकड्यांना प्रतिध्वनी देऊन 'डब' हा प्रकार घडवला. ध्वनिमिश्रणाचे यंत्र हेच वाद्य होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. ब्रिस्टलच्या 'मॅसिव्ह अटॅक'चे 'ब्लू लाइन्स' (१९९१) या वारशावाचून समजत नाही.

आणि 'चिलआउट' हे नाव? तेही शरीराच्या एका गरजेतून आले. १९८९ साली लंडनच्या 'हेवन' क्लबमध्ये 'लँड ऑफ ऑझ' या रात्री होत. मुख्य दालनात वेगवान हाउस संगीत चाले. बाजूच्या खोलीत अ‍ॅलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी थकलेल्या नर्तकांसाठी ताल काढून घेतलेले, संथ, एकात एक मिसळलेले ध्वनी वाजवत. १९९० मध्ये 'द केएलएफ'चे 'चिल आउट' आले. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील रात्रीचा एक काल्पनिक प्रवास : आगगाड्या, मेंढ्या, नभोवाणीवरील धर्मोपदेशक. 'नशेचा उतारा' म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की त्या खोलीत अमली पदार्थांची सावली होती हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कलेचा जन्म कोठे झाला यावरून तिची किंमत ठरवायची, तर तमाशाच्या फडातून आलेल्या लावणीचे आपण काय करणार आहोत?

आता 'आपलेच आहे' या मताकडे. यातही तथ्याचा एक कण आहे आणि तो मोठा आहे. दुर्दैव असे की दावा करणाऱ्यांनाच तो माहीत नसतो. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली हे प्रयोगशील संगीतकार त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ अतिविलंबित लयीसाठी ख्यातनाम होते. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले आणि त्या मिरजेचे तंबोरे आजही देशभर जातात. म्हणजे संबंध आहेच. मात्र यंग यांनी प्रदीर्घ स्वरांचे 'ट्रायो फॉर स्ट्रिंग्ज' १९५८ सालीच लिहिले होते, हेही तितकेच खरे. या व्यवहाराला देवघेव म्हणावे. दान म्हणू नये. इलेक्ट्रॉनिक संगीताशी आपला प्रत्यक्ष संबंध शोधायचा, तर तो ऋषिमुनींपेक्षा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत सापडेल. तेथे १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला आणि भारतीय संगीतकारांनी त्यावर काम केले. त्यांची नावे कार्यशाळेत कोणी घेत नाही. निनावी ऋषी सोयीचे असतात. नाव असलेला माणूस मानधन मागतो.

शिवाय अतिविलंबित ख्याल म्हणजे विश्रांती, हा समजच मुळात चुकीचा. लय जितकी संथ, तितकी दोन मात्रांमधली जागा मोठी आणि ती जागा ऐकणाऱ्याने धरून ठेवायची असते. समेची वाट पाहणे ही सक्रिय कृती आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयतत्त्वे सांगितली. त्यांतील विरोध काढून टाकला की जे उरते ते शांत रसाच्या जवळही जात नाही. सतारीची एकच मींड पुन्हा पुन्हा डकवणाऱ्या त्या ध्वनिफितीत नेमके हेच झाले होते.

आजची परिस्थिती तर याही पुढे गेलेली आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मूड मशीन' या पुस्तकात लिज पेली यांनी स्पॉटिफायच्या व्यवहारांचा माग काढला आहे. 'झोप', 'एकाग्रता', 'निवांतपणा' अशा नावांच्या याद्यांत टोपणनावांखाली, स्वस्तात तयार करवून घेतलेले संगीत कसे भरले जाते, हे त्या दाखवतात. अभ्यासाला बसलेल्या, हेडफोन लावलेल्या चित्रातल्या मुलीची अखंड वाहिनी आमचे बहुतेक विद्यार्थी ओळखतात. परंतु त्या लयीच्या उगमाशी असलेला डेट्रॉइटचा जे डिला त्यांना ठाऊक नसतो. त्याचे 'डोनट्स' फेब्रुवारी २००६ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या तीन दिवस आधी बाहेर आले. गंभीर आजारात घडलेली ही कृती आणि सेट-नेटच्या प्रश्नपत्रिका सोडवताना मागे वाजणारा तिचा निनावी वंश, यांत जे अंतर आहे ते म्यूझॅकने भरून काढले आहे. कारखान्याचा प्रवाह जिंकला. फरक एवढाच, की आता कामाचा वेग टिकवणारे संगीत कामगार स्वतःच्या हाताने लावतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. आमचे पुष्कळ विद्यार्थी एका खोलीच्या घरात राहतात. शेजारी दूरचित्रवाणी, खाली लग्नाचा डीजे, घरात धाकटी भावंडे. कानांत वाजणारी संथ लय ही त्यांच्यासाठी चैन नसून एक भिंत आहे, स्वतःपुरती उभी केलेली. तिच्यावर तुच्छतेने बोलण्याचा अधिकार स्वतंत्र अभ्यासिका असलेल्या आम्हांला नाही. दुर्लक्ष करता येणे हा या संगीताचा दोषही नव्हे. सातींनी आणि ईनोंनी ती मुभा स्वतःहून दिलेली आहे. आमचा विरोध मुभेला नाही. ऐकण्याची शक्यताच काढून घेतलेल्या, विचारणाऱ्याला हसणाऱ्या व्यवस्थेला आहे.

कारण हीच व्यवस्था आता कवितेपर्यंत आलेली आहे. मनाला उभारी देणाऱ्या चार ओळी, खाली सूर्यास्ताचे चित्र, कवीचे नाव गायब किंवा भलत्याचेच : अशी 'कविता' आम्हां सर्वांच्या दूरध्वनीवर रोज सकाळी येते आणि आम्हीही ती पुढे पाठवतो. वाचनाने ताण कमी होतो, म्हणून वाचा, असे आम्हीच ग्रंथालयाच्या फलकावर लिहितो. ज्या दिवशी आपण साहित्याचे समर्थन त्याच्या गुणकारीपणावर करू लागलो, त्या दिवशी आपण त्या मार्गदर्शकांच्या शेजारी जाऊन बसलो. 'कुणी का लिहिना, तुम्हाला बरं वाटलं ना?' या वाक्यापुढे आपल्या विषयाचे संपूर्ण अध्यापन निरर्थक ठरते.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. संथ संगीत जरूर लावावे. पण वर्षातून एकदा तरी, दुसरे काहीही न करता, 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स' शेवटपर्यंत ऐकावे आणि त्याच आठवड्यात किराणा घराण्याचा एखादा विलंबित ख्यालही. जे आवडेल त्याच्या कर्त्याचे नाव शोधावे. त्या मुलाला आम्ही नंतर गाठले आणि तुझ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांलाही ठाऊक नाही, हे कबूल केले. ती ध्वनिफीत कोणाची, याचा शोध आम्ही मिळून घेतला. नाव सापडले नाही. फितीवर केवळ 'निवांत – भाग ३' असे लिहिले होते.