पोवाड्याची चोपडी वाळवीला घालू नका

आठवडी बाजारात, जत्रेत गोणपाटावर मांडलेल्या पोवाड्यांच्या चोपड्या आता क्वचितच दिसतात. विकणारा आधी गाऊन दाखवायचा, मग गिऱ्हाईक पैसे काढायचं. घरी एकजण वाचायचा, दहाजण ऐकायचे. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवरायांचा पवाडा छापला, तो कुणबी, माळी, महार, मांग यांना उमजावा म्हणून सोप्या भाषेत. आमच्या खात्याची घडीपत्रिका मात्र कपाटातच पडून राहते. तसली बोजड भाषा वाचणार कोण? तेव्हा सरपंच मंडळींनी दोन कामं करावीत. घरोघरच्या जुन्या चोपड्या गावच्या वाचनालयात जमा कराव्यात. आणि बीजप्रक्रियेची माहिती गावच्या शाहिराकडून पोवाड्यात बांधून घ्यावी. कानात बसलं, की शेतात उतरतं!