विमान कंपन्यांना सरकारी मदत, आम्हाला मात्र 'मेरिट'?

पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत आरक्षणाचा विषय निघाला की हमखास ऐकू येते, "कुबड्या टाका, स्पर्धेत उतरा." असे म्हणणाऱ्यांना बोईंग-एअरबसची स्पर्धा दाखवा.

मोठ्या प्रवासी विमानांच्या बाजारातल्या या दोन बलाढ्य कंपन्या. त्यांच्यासाठी अमेरिका आणि युरोप २००४ पासून जागतिक व्यापार संघटनेत भांडले. निकाल काय? दोघींनाही नियमबाह्य सरकारी मदत मिळाली होती! २०२१ मध्ये पाच वर्षांचा तह झाला. त्यांची 'गुणवत्ता' कुणी काढली नाही.

आता आपल्याकडे पाहा. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिच्या भरतीत आरक्षण होते. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे गेली आणि ते बंधन संपले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने याच दोघींकडून ४७० विमाने घेण्याचे जाहीर केले. विमाने वाढतील, नोकऱ्याही वाढतील. त्यात आपला वाटा मागायला कायद्याचा आधार कुठे आहे?

प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे बाबासाहेबांनी १९४७ मध्येच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडले होते. चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणाऱ्या मित्रांनो, खाजगी क्षेत्रातले आरक्षण ही भीक नाही, तो आपला हक्क आहे. त्यासाठी संघटित व्हा.

जय भीम!